न दिसणारा धूर

निर्यातीची केळी पुन्हा वेळेआधी पिवळी पडली, आणि साहेबांनी शीतगृहाचं तापमान सांभाळणाऱ्या कोकिळाताईंना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

हिरामणला फोर्कलिफ्टवर स्वस्थ बसवेना. डिझेलची गाडी जाऊन ही गॅसची आली, तेव्हा त्यानेच मिरवलं होतं, "बघा, धूर दिसतोय का कुठे?" पण पिवळी निघाली ती नेमकी दाराजवळच्या खोक्यांतली. तिथेच तो गाडी चालू ठेवून थांबायचा.

"ताई, थंडी बरोबर होती ना?"

"होती, भाऊ. केळ्यांनाच माझा आकडा पटत नाही," डबा पिशवीत टाकत ताई म्हणाल्या.

त्याला बापाची भट्टी आठवली. बाप बंद खोलीत धूर कोंडूनच केळी पिकवायचा. हा धूर दिसत नव्हता, एवढंच.

बॅटरीची गाडी आणायला साहेबांना निमित्तच हवं होतं, आणि तिच्याबरोबर नवा ड्रायव्हर येणार, हे हिरामणला ठाऊक होतं. तरी त्याने गाडी आवारात काढली आणि सिलिंडरचा कॉक बंद केला. नळीत उरलेल्या गॅसवर इंजिन घरघरत राहिलं. ते थांबायच्या आत तो साहेबांच्या दारात उभा होता.