मैनाबाईचं सांगणं

सायकलरिक्षा दाराशी लागली तेव्हा कौसल्या उंबऱ्यातच उभी होती, आणि ती बाजूला व्हायला तयार नव्हती.

"सरका बाई," रवींद्र म्हणाला. "मायले दवाखान्यात न्याचं आहे."

"त्याइची मर्जी नाही."

रवींद्र तिच्याकडे पाहतच राहिला. ही कोण सांगणारी? कौसल्या सक्करदऱ्याजवळच्या त्या विणकर वस्तीत आरोग्यसेविका होती. घरोघर जायची, मुलांना लस द्यायची, टीबीच्या गोळ्या पोचवायची. मैनाबाईला धाप लागू लागली तेव्हा तिनंच डॉक्टरांना घरी आणलं होतं. छातीत पाणी साचलंय, ते म्हणाले. मोठ्या दवाखान्यात ठेवून पाणी काढलं तर दोन-चार महिने निघतील. दुखणं मात्र बरं होण्यातलं नाही.

डॉक्टर गेल्यावर मैनाबाईनं कौसल्याचा हात धरला होता. "पोरी, उद्या मले बोलता नाही आलं, तं तू सांगजो सगळ्याइले. मले या घरातून हालवाचं नाही."

कौसल्यानं हो म्हटलं होतं.

आरोग्यसेविकांच्या महिन्याच्या बैठकीत तिनं ही गोष्ट काढली आणि बायकांमध्ये चांगलीच जुंपली. पुष्पलता म्हणाली, "दुखण्यात माणूस काहीबी बोलते. आपण दवाखान्यात पोचवाचं, बस." अंजनाबाईला ते मुळीच पटलं नाही. तिच्या सासऱ्यांना वॉर्डात नळ्या लावून ठेवलं होतं, आणि शेवटपर्यंत ते घरी चला म्हणत होते. "त्यायनं आधीच सांगून ठेवलं होतं वं," ती म्हणाली. "कोणी ऐकलं नाही."

कौसल्या त्या बैठकीतून ठरवूनच उठली. आपण मैनाबाईचं ऐकायचं. तरी तिच्या दारावरून जाताना तिला रोज वाटायचं, एकदा तरी हिनं मन बदलावं.

मैनाबाई कुठे जातच नसे. नवरा, नत्थूजी, वारल्यापासून ती एकटीच होती. उमरेडला सख्ख्या बहिणीच्या मुलीचं लग्न झालं, त्यालाही गेली नाही. नत्थूजीनं जन्मभर मागावर बसून हे दोन खोल्यांचं घर उभं केलं होतं. त्यातच तिचा जीव अडकलाय, असं कौसल्या समजून चालली.

रवींद्र त्यांचा एकुलता एक. मागावर बसणार नाही म्हणून तो बापाशी भांडला आणि मिसरूड फुटायच्या वयात घरातून निघून गेला. बाप गेल्याचंही त्याला कळलं नव्हतं. परवा वस्तीतल्या बाबूलालला तो बल्लारपूरच्या बाजारात अचानक भेटला. त्याच्याकडून आईच्या दुखण्याचं ऐकलं आणि रवींद्र तसाच निघून आला. त्याचे केस आता पांढरे व्हायला लागले होते.

"इतकी वर्षं आलो नाही," तो म्हणाला. "आता तरी काही करू द्या बाई मले तिच्यासाठी."

कौसल्याला त्याचं वाईट वाटलं. पण ती हलली नाही.

"भाऊ, त्यायनं चांगल्या शुद्धीत सांगतलं आहे. त्याइचं एवढं तरी राहू द्या."

रवींद्रनं रिक्षावाल्याला हातानंच जायला सांगितलं, चपला काढल्या आणि आत जाऊन खाटेजवळ बसला.

"माय."

मैनाबाई सकाळपासून ग्लानीत होती. तिनं डोळे उघडले. हात त्याच्या गालावरून, कपाळावरून, केसांवरून फिरवला. पुन्हा पुन्हा फिरवला.

"रवी," ती म्हणाली. "किती वाळला गा तू." मग दम घेऊन म्हणाली, "रिक्षा आला होता ना? बलाव त्याले. मले दवाखान्यात ने."

रवींद्रनं कौसल्याकडे पाहिलं. कौसल्या पुढे झाली आणि खाटेवर वाकली.

"मावशी, तुमीच तं म्हटलं होतं, घरातून हालवाचं नाही!"

"तवा हा आला नव्हता न वं," मैनाबाई म्हणाली. "मी दवाखान्यात राह्यली असती, अन् हा आला असता, तं दाराले कुलूप पाहून परत गेला असता."