कोमट बॉनेट

घड्याळवालीने बॉनेटवर तळहात ठेवला आणि ओठ मिटून घेतले. कोमट.

"सकाळी चालू केली होतीत?"

"छे हो ताई! हात लावू नका म्हणून बजावलं होतंत ना तुम्ही? किल्लीसुद्धा हुकावरनं काढली नाही." गॅरेजच्या तुळईला डोकं लागू नये म्हणून गाडीचा मालक, चष्मेवाला, वाकूनच बोलत होता.

लाल, बुटकी, टर्बोची गाडी घराखालच्या गॅरेजात अंग चोरून बसली होती. सात वर्षं वापरलेली, पण अंगावर ओरखडा नाही. अशी गाडी तिने तरुणपणापासून मनात जपली होती. सहा वर्षांपूर्वी एक घेतलीही. विकणाऱ्याने ती आधीच तापवून ठेवली होती, हे दुसऱ्या सकाळी कळलं. गार इंजिनाने निळा धूर ओकला आणि तिसऱ्या महिन्यात टर्बो बसला. नवऱ्याने एका शब्दानेही टोचलं नाही, आणि तेच तिला जास्त टोचलं. आता पुन्हा पैसे साठले होते ते एकाच गाडीपुरते. तिसऱ्यांदा साठवायला आयुष्य पुरणार नव्हतं.

म्हणून तिचा एकच हट्ट होता. इंजिन गार असताना, पहिल्या ठिणगीला, आपल्या कानांनी ऐकायचं. तापलेल्या इंजिनाला दुखणं लपवता येतं.

ती आत बसली तर गुडघे थेट स्टिअरिंगला भिडले.

"गाडी धुणाऱ्याने सीट पुढे ओढली असणार," चष्मेवाला म्हणाला. "त्याला खोडच आहे."

गाडी मात्र चालली ती वाऱ्याशी बोलत. चढाला टर्बोने बारीक शीळ घातली आणि ती नीट ऐकायला घड्याळवालीने काच खाली केली. टर्बोच्या पोटातलं, इंजिनात हवा कोंबणारं तळहाताएवढं ते चाक, मिनिटाला लाखभर गिरक्या घेणारं! ती जन्मभर मिनिटाला एक फेरी मारणाऱ्या काट्यांशी बोलत आली होती.

परत येताना गाडी त्याने चालवली, आणि गॅरेजात शिरताच किल्ली फिरवून बंद केली.

"अहो, असं करू नका! पळून आलेला टर्बो आहे तो. मिनिटभर इंजिन चालू ठेवून त्याला दम घेऊ द्यायचा."

"असं असतं होय?"

"सात वर्षं असंच करताय? मग हा टर्बो टिकला कसा?"

"टिकला खरा," तो हसला. "आता आईसाठी विकतोय. तिचे गुडघे गेलेत, या बुटक्या गाडीत तिला बसताच येत नाही. उंच गाडी घेतली की तिला चार ठिकाणी फिरवीन म्हणतो."

वर स्वयंपाकघरात आई चौकड्यांच्या उशीवर बसली होती. पाहुणी दिसताच दोन्ही गुडघ्यांवर हात टेकत, "आई गं" करत उठली. चहा ठेवला.

"जगाला चष्मे देतो, पण याला स्वतःला काही दिसेल तर शपथ," ती म्हणाली. "साखर पुढ्यात असते आणि विचारतो, आई, साखर कुठंय?"

चष्मेवाला शटर ओढायला खाली गेला, तशी आई जवळ सरकली.

"पोरी, घेऊ नकोस ती गाडी. आतून दुखणाईत आहे. फसशील."

घड्याळवालीने कप खाली ठेवला. पोटच्या पोराच्या मालाला आई उगाच कशाला नावं ठेवील?

तरी मन मानेना. निघताना ती म्हणाली, "परवा येते. सकाळी सहाला."

"सहाला?" आई हसली. "हा झोपला की कानाशी ढोल बडवले तरी कूस बदलत नाही."

ठरल्या दिवशी सहाला बॉनेट कोमट नव्हतं. चांगलं गरम होतं.

"चष्मेवाले, मी गिऱ्हाईक आहे की खुळी?"

"आईशप्पथ सांगतो ताई, आत्ता उठलोय मी!" केस उभे, डोळे सुजलेले, चेहरा पडलेला. नाटक बरं वठवतो, तिला वाटलं.

घरी नवरा म्हणाला, "सोड ना आता नाद."

"आणखी एकदा. न सांगता जाणार. कोमट लागली तर त्या गाडीचं नावसुद्धा काढणार नाही."

ती गेली तेव्हा पाचही वाजले नव्हते. रस्त्यावरचे दिवे अजून जागे होते. शटर उघडं होतं आणि गॅरेज रिकामं. गाडीच्या जागी तेलाचा एक थेंबही सांडलेला नव्हता. सापडला लबाड, ती म्हणाली आणि घंटीवर बोट दाबून धरलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. समोर चष्मेवाला, उलटा बनियन घालून, जांभई देत.

"गाडी कुठंय?" तिचाच आवाज चिरकला.

"खाली."

"खाली नाहीये!"

तो अनवाणी जिना उतरला आणि रिकाम्या गॅरेजात डोळे चोळत चक्कर मारून आला. "गेली! चोरीला गेली!"

"पोलिसांना फोन करा आधी."

"हळू बोला, ताई. आई झोपलीय, घाबरेल."

तेवढ्यात चढावरून शीळ आली. बारीक, लांबलेली. घड्याळवालीने ती लगेच ओळखली. दोन दिवे कोपऱ्यावरून वळले, त्या झोतात आत कोण आहे ते दिसेना. दोन्ही भिंतींपासून वीतभर अंतर राखत गाडी एका झटक्यात गॅरेजात शिरली आणि थांबली.

इंजिन मात्र बंद झालं नाही. घड्याळवालीची नजर सवयीने मनगटावर गेली. दहा, वीस, चाळीस. साठाव्या सेकंदाला किल्ली फिरली.

दार उघडलं. आधी बाहेर आली ती चौकड्यांची उशी, आणि तिच्यामागून, गुडघ्याला हातही न लावता, आई.