सात सीटची गाडी

नात्यात कुणालाही प्रवासाला जायचं असलं की मावशीला फोन जायचा. ऑनलाइन बोली लावून निम्म्या भावात हॉटेलच्या खोल्या, भाड्याच्या गाड्या मिळवण्यात निवृत्त नर्स असलेल्या मावशीचा हात धरणारं कुणी नव्हतं. आज भाचीसाठी तिने सकाळपासून कंबर कसली होती. तीन बोल्या नाकारल्या गेल्या, चौथी लागली. "तलावाकाठच्या तीन खोल्या मिळाल्या," ती फोनवर म्हणाली, "आणि सात सीटची गाडी. तुम्ही सहाजण ना? एक जागा उरतेय." भाची म्हणाली, "बरंच झालं की मावशी, बॅगा ठेवता येतील." "हो, तेही खरं," मावशी म्हणाली. फोन ठेवल्यावर तिने त्याच तलावाकाठी, पण त्यांच्या सहलीनंतरच्या आठवड्यासाठी, एका माणसापुरती खोली शोधली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने बोली न लावता मागितलेले पूर्ण पैसे भरले. आज आणखी एक नकार तिला सोसवला नसता.