हनुवटीवरची खूण

विज्ञान, भूगोल आणि इतिहास एकत्र शिकवता यावेत म्हणून सातवीसाठी ‘मीठ’ हा विषय जयमालाबाईंनीच निवडला होता. त्यासाठी मिठागरात जन्म काढलेल्या आपल्या वडिलांच्या आठवणी त्यांनी यंत्राने मुलांच्या डोक्यात उतरवल्या. अशी काढलेली आठवण मूळ माणसाकडे उरत नाही. “फक्त मिठाचं तेवढं जाईल, अप्पा,” असं सांगून त्यांनी सही घेतली होती.

तास संपल्यावर वर्गातली ऋजुता टेबलापाशी आली.

“बाई, तुम्ही लहानपणी मिठागरात पडलात ना, हनुवटी फुटली होती. मी तुम्हाला खांद्यावर टाकून बांधावरून पळत दवाखान्यात नेलं. फार घाबरले होते मी.”

संध्याकाळी जेवताना अप्पा लेकीकडे निरखून पाहत राहिले.

“बाय, हनुवटीवर ही खूण कसली गं?”

बाईंनी मान खाली घालून त्यांना भात वाढला.