ओळखपरेडीच्या आदल्या दिवशी

"पहिली सही यशवंतरावांची," पद्मजाताईंनी माइकवर जाहीर केलं आणि रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या त्या लहानशा सभागृहात टाळ्या पडल्या.

यशवंतराव उठून टेबलापाशी गेले. महिन्यापूर्वी याच जागी कादंबरीकार नरहरी आपल्या नव्या पुस्तकावर बोलायला उभे होते. बाहेर रस्त्यावर घोषणा चालल्या होत्या. मग खिडकीच्या काचा फुटल्या, आत दगड आले, माणसं खुर्च्यांखाली शिरली. एक दगड नरहरींच्या डाव्या डोळ्यावर बसला. डोळा गेला.

निवेदन नव्या रायपुरात मंत्रालयात द्यायचं होतं. लेखकाला संरक्षण द्या, हल्लेखोराला कडक शिक्षा करा. शहरातल्या मराठी वाचकांनी कधी नव्हे ती एकी केली होती.

यशवंतरावांना सही करायला वेळ लागला. रेल्वेत गँगमन होते तेव्हा पगारावर चौतीस वर्षं त्यांनी अंगठाच उठवला. अक्षरं शिकले ती साठीनंतर, नातीजवळ बसून. उशिरा आलेली विद्या, त्यामुळे छापील अक्षरावर त्यांची देवासारखी श्रद्धा. रस्त्यात कोणी जाहिरातीचा कागद हातात दिला, तरी ते थांबून शेवटपर्यंत वाचत आणि घडी करून खिशात ठेवत.

"काका, दोन शब्द बोला," पद्मजाताई म्हणाल्या. कॉलेजात शिकवून निवृत्त झालेल्या या बाई वाचक मंडळ चालवत.

"मले काय बोलता येते," असं म्हणत यशवंतरावांनी माइक धरला. "कार्यक्रमाच्या आधी देवळापाशी ह्या पुस्तकाचं एक पान वाटून राहिले होते. झेरॉक्स. त्यात छापलं होतं, लाइनीवरच्या बाया गिट्टीपेक्षा सस्त्या. माही बायको लाइनीवर गिट्टी फोडे. असं वाचून डोकं फिरतेच माणसाचं. मंग मी आख्खं पुस्तक वाचलं. तेवीस दिवस लागले. तर ते वाक्य बोलणारा ठेकेदार निघाला! अन् दोन पानं पलटली का लाइनीवरचीच एक बाई त्याले चपलेनं हाणते. लेखक तिच्याच बाजूनं उभा. पण कादंबरीत वाईट माणूसबी आपल्या तोंडानं बोलते, हे आमच्यासारख्याले कोण सांगते?"

लोक आधी हसले, मग टाळ्या वाजवत राहिले. पद्मजाताईंनी डोळे टिपले. "पदवीवाल्यांना जे कळलं नाही, ते यांना कळलं," त्या म्हणाल्या.

"टाळ्या काहून वाजवून राहिले?" यशवंतराव पुटपुटले, पण तोवर माइक पुढच्या वक्त्याकडे गेला होता.

दाराशी भैय्यालालची बायको उभी होती. भैय्यालाल ऑटो चालवायचा. त्या दिवशी घोषणा देणाऱ्यांत तोही होता आणि पळताना तोच एकटा सापडला. नारे दिले, दगड मारला नाही, एवढंच तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. दुसऱ्या दिवशी जेलमध्ये त्याची ओळखपरेड होती.

"बाबूजी, आप तो सामने बैठे थे," ती हात जोडून म्हणाली. "जो देखा, वही बोलना. उनको तो मराठी पढ़ना भी नहीं आता. किताब से उनकी क्या दुश्मनी?"

"हव," यशवंतराव म्हणाले. तिच्याकडे त्यांना बघवेना.

पद्मजाताईंनी त्यांना बाजूला घेतलं. "तिच्या रडण्यानं विरघळू नका. एवढ्या सभेत साक्षीदार तुम्ही एकटे."

ते खरंच होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा मंडळातला जो तो म्हणाला, मी खाली वाकलो होतो, मला काही दिसलं नाही. नरहरींनीही काही दिसलं नाही असंच सांगितलं होतं. यशवंतराव म्हणाले, "मी नव्हतो वाकलो." तेवढ्यावर ते साक्षीदार झाले, आणि आठवडाभरात शहरातले सगळ्यात धाडसी वाचक.

"मले भेव वाटते, ताई."

"वाटणारच. पण आम्ही आहोत ना तुमच्या मागे!"

संध्याकाळी ते तेलीबांध्याला नरहरींच्या घरी गेले. महिनाभर हा नेम होता. सुनेकडून डबा करून घ्यायचा, तळ्याकडेच्या गॅलरीत बसायचं आणि नरहरींना तासभर वाचून दाखवायचं. उरलेल्या डोळ्याला डॉक्टरांनी ताण देऊ नका म्हटलं होतं. यशवंतराव अडखळत वाचत, नरहरी कधी शब्द पुरवत नसत.

आज वाचायला वाचकांची पत्रं होती. नागपूर, अकोला, पुणे. "आम्ही तुमच्यासोबत आहोत," असं प्रत्येकात होतं.

"प्रकाशकाचा फोन होता," नरहरी म्हणाले. "तिसरी आवृत्ती निघतेय. वीस वर्षं लिहितोय, आजवर पहिल्या आवृत्तीचेच गठ्ठे माझ्या पलंगाखाली पडून असायचे."

यशवंतरावांनी हातातलं पत्र खाली ठेवलं. "भाऊ, उद्या मी भैय्यालालवर बोट नाही ठेवनार."

"का?"

"त्यानं नाही मारला."

तळ्याकाठी फुगेवाला शिट्टी वाजवत होता.

"मग पोलीस विचारतील, कोणी मारला."

"विचारतीलच," यशवंतराव म्हणाले. महिनाभर रोज ते एक वाक्य घेऊन हा जिना चढत होते आणि तसंच परत नेत होते. "तेच तुमाले पहिले सांगावं म्हनलं. त्या दिवशी..."

"नका सांगू." नरहरींनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, अगदी मायेनं. "दगड तुमच्या हातून सुटताना मी पाहिला, यशवंतराव. पण उद्या बोट भैय्यालालवरच ठेवा. आपल्याच वाचकानं डोळा फोडला म्हटल्यावर माझ्यामागे उभं कोण राहणार?"