एकोणीस नंबरची नळी

सलग तिसऱ्या दिवशी एकोणीस नंबरचा पंप एकशे चाळीसवर होता. बाकीचे पंप शहाण्यासारखे सत्तरवर चालले होते. अभिरामनं बटण फिरवून त्यालाही सत्तरवर आणलं आणि उत्कर्षाला हाक मारली.

"हे तुम्हीच करता ना?"

"हो सर. चुकून झालं."

"तीन दिवस चुकून?"

ती वहीत आकडे लिहू लागली. अभिरामला तिच्या या टाळाटाळीचाच जास्त राग यायचा.

नवी मुंबईत महाप्याच्या त्या लॅबमध्ये बोटभर लांबीच्या, काडीएवढ्या बारीक रक्तवाहिन्या तयार व्हायच्या. बाळंतपणानंतर दान आलेल्या नाळेतली वाहिनी काढायची, धुऊन धुऊन तिच्यातली मूळ पेशी न् पेशी घालवायची आणि उरलेली पांढरी नळी महिनाभर पंपावर ठेवायची. पंप तिच्यातून ठोक्याठोक्यानं पाणी ढकलायचा, म्हणजे तिला रक्ताचा मार सोसायची सवय लागावी. बायपाससाठी ज्यांच्या पायातली शीर वापरून संपली आहे, अशांच्या उपयोगी पडावी म्हणून हा सगळा खटाटोप. ठोके सत्तर, कारण मोठ्या माणसाचं हृदय साधारण तेवढंच धावतं.

अभिरामला पुण्याहून येऊन जेमतेम महिना झाला होता. उत्कर्षा त्याच्या थोडीच आधी रजेवरून परतली होती. रजा कसली हे कुणी सांगितलं नाही, त्यानंही विचारलं नाही. कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण या एका नळीपाशी तिचं काहीतरी बिनसायचं. कामोठ्याहून सगळ्यांच्या आधी येऊन ती एकोणीससमोर स्टूल टाकून बसायची. नळीच्या मधोमध पिळल्यासारखा एक वळ होता. तिची नजर तिथंच असायची.

"बसू द्या त्यांना, सायेब," लादी पुसता पुसता दिवाळे गावच्या गिरजाबाई एकदा म्हणाल्या होत्या. "कुनाचं काय जातंय?"

जात कसं नव्हतं? शुक्रवारी तयार नळ्यांपैकी एक, दाब वाढवत वाढवत फोडून बघायची होती. बाकीच्या पुढच्या चाचणीला जाणार होत्या.

"एकोणीस फोडू," अभिराम म्हणाला. "भलत्याच ठोक्यांवर चाललेली नळी मी पुढं पाठवू शकत नाही."

उत्कर्षाचा चेहरा पडला. "सर, एकवीस घ्या ना. प्लीज. एकोणीस खूप चांगली आहे."

"चांगली ठेवली असती तर राहिली असती."

बोलल्यावर त्यालाच वाईट वाटलं, पण शब्द मागे घेण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

"मग मशीनवर मीच लावते," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

शुक्रवारी तिनं नळीची दोन्ही टोकं दोऱ्यानं बांधली. इतक्या हळुवारपणे आणि सावकाश, की अभिरामला घड्याळाकडे बघावं लागलं. मग दाब चढू लागला. आजवरची कुठलीही नळी गेली नव्हती तिथपर्यंत एकोणीस गेली, त्याच्याही पुढं गेली, आणि शेवटी त्या वळापाशीच फुटून तिचे दोन तुकडे झाले. थोडं पाणी उडालं, एवढंच.

"सगळ्यात मजबूत निघाली ही," अभिराम खुशीत म्हणाला.

उत्कर्षानं ते दोन तुकडे पांढऱ्या गॉजमध्ये गुंडाळले. तिचे डोळे भरून आले होते.

"मी घरी जाऊ का, सर?"

"जा," तो म्हणाला. रडण्यासारखं काय झालं, हे त्याला खरंच कळलं नाही.

नाळ कुणाची हे चाचणी होईपर्यंत त्याला कळता कामा नये, असा लॅबचा नियम होता. म्हणून नळ्यांना नुसते नंबर असत, आणि देणारीचं नाव बंद पाकिटात. उत्कर्षाच्या हलगर्जीपणाबद्दलचं पत्र टाईप करून झाल्यावर अभिरामनं रिपोर्टसाठी एकोणीसचं पाकीट उघडलं.

अक्षर ओळखीचं होतं. लॅबच्या वहीत तो ते रोज बघत होता.

आई: उत्कर्षा रणजीत शेडगे, कामोठे. बाळ: मुलगी, जन्मतः मृत. कारण: नाळेला मधोमध गाठ. पोटात शेवटचे नोंदलेले ठोके: मिनिटाला एकशे चाळीस.