दाताचा रंग

“दुखतं का?” डॉक्टर नीरजाने विचारलं.

“न्हाई.”

“गार पाण्याने शिवशिवतं?”

“न्हाई, मॅडम.”

वाघोलीच्या डेंटल कॉलेजात नीरजाचं हे शेवटचं वर्ष. दात भरायच्या सिमेंटमध्ये चांदीची अगदी बारीक पूड मिसळली, तर भरलेल्या दाताला पुन्हा कीड लागणं थांबतं का, हे ती वीस जणांवर पाहत होती. द्वारका त्यातली सातवी. परभणीकडची, इथल्या एका होस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी. दीड वर्षापूर्वी तिचा वरचा पुढचा दात भरला होता.

पडद्यावर एक्स-रे आला. कीड नव्हती. नीरजाने फॉर्मवर ‘उत्तम’ लिहिलं आणि ओठ वर करून दात पाहिला. भरलेला भाग शिशासारखा काळपट झाला होता.

“हा असा कधीपासून आहे?”

द्वारकाने पटकन ओठ मिटून दात झाकला. मग म्हणाली, “मी लावत न्हाई, मॅडम.”

“काय?”

“मिश्री. तुम्ही दात भरला त्या दिवशीच सोडली. पण घरी पटत न्हाई. हे म्हणतात, चोरून लावतीस, दात दिसतोय की. आता मलाच वाटाय लागलं, आधीची आतून वर येत आसंल.”

नीरजाने पेन खाली ठेवलं. इंग्रजी संमतीपत्रात एक ओळ होती : रंगात किंचित बदल संभवतो. द्वारकाने खाली सही केली होती. ती ओळ तिला कुणी वाचून दाखवली नव्हती. नीरजानेही नाही.

“फॉर्ममध्ये रंगाचा रकाना नाही,” मागे उभे असलेले तिचे गाइड, सलिल सर म्हणाले. “आणि आज हे सिमेंट काढलंत, तर दोन वर्षांचं रीडिंग गेलं. सहाच महिने राहिलेत.”

“हो सर,” नीरजा म्हणाली आणि द्वारकाकडे वळली. “द्वारकाताई, हे मिश्रीमुळे नाही. आम्ही चांदी घातली, तिने दात काळा पडला. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. म्हणत असाल तर आत्ता काढून पांढरं भरते.”

द्वारका खुर्चीत उठून बसली. तिने दोघांकडे नीट पाहिलं.

“काढा. पण आधी हे कागदावर लिहून द्या. दात पांढरा झाल्यावर कुणाला पटायचं?”

नीरजाने कॉलेजच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, मराठीत. सलिल सरांनी त्या वाचल्या. ‘आमच्याकडून’ या शब्दावर ते थोडे थांबले. मग टेबलाच्या खणातून विभागाचा शिक्का काढून त्यांनी सहीशेजारी मारला.

द्वारकाने अक्षराला अक्षर लावत कागद दोनदा वाचला. घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवला.

“ह्यांनाच मोठ्यानं वाचाय लावते,” ती म्हणाली, आणि मागे रेलून तिने तोंड उघडलं.